खाचेपर्यंतचं गवत

कळप वरच्या कुरणात कधी न्यायचे हा विषय निघाला, आणि सैकालच्या घरात जमलेल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात चुलीवरच्या किटलीचं झाकण खडखडलं.

मित्रांनो, मी दाराआड उभी होते. मी एक जुनी काठी आहे, गवत मोजणारी. कुरणांचं शास्त्र शिकून सैकाल नारीनकडच्या डोंगरातल्या या गावी परतली, तेव्हा तिनेच मला तासलं आणि माझ्या अंगावर एक खाच पाडली. गवत खाचेला लागेपर्यंत कळप चढवायचे नाहीत.

गाव हसलं. गवत मोजायला शहरात जाऊन शिकावं लागतं का, असं शेरकुल आजोबांनी विचारलं. आमच्याकडे थोरल्यांचा हात वर गेला की धाकट्यांचेही जातात. त्या वसंतात कळप लवकर चढले, मेंढ्यांनी कोवळं गवत मुळासकट उपटलं आणि अख्खा उतार बोडका झाला. मी तोवर लोकर झोडपायच्या कामी लागले होते. वाईट वाटलं, पण लोकर मऊ असते.

उतार पुन्हा हिरवा व्हायला वर्षं लागली. मग मला मान आला, जरा जास्तच. आज आजोबाच म्हणाले, "पोरी, हात कशाला वर करायचे? तू सांग, तेवढं ऐकून आम्ही उठतो."

गवत खाचेखालीच होतं. आठ-दहा दिवस थांबायला हवं होतं. पण सभेत बसलेल्या कालबूबूकडचा चारा संपला होता, आणि तिच्या मेंढ्या व्यायला आलेल्या.

सैकाल म्हणाली, "गवत किती वाढलंय ते मी सांगते, आजोबा. उपाशी कुणी राहायचं, ते मी एकटीने कसं सांगू?"

"माझ्यासाठी कुरण मोडू नका," कालबूबू हळूच म्हणाली. "पण सैकालताई, मला नुसतं थांब म्हणू नका."

मग बोलणं सुरू झालं. आजोबांच्या गंजीत चारा आहे, फक्त आजीला विचारावं लागेल, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा आजोबाही हसले. घरटी एक पेंढी कालबूबूला द्यायची आणि सगळ्यांनी थांबायचं ठरलं. हात वर झाले. या वेळी पहिला हात कालबूबूचा होता.

मित्रांनो, मला जपा, पण भिंतीवर टांगून पुजू नका. दरवर्षी उतारावर न्या, आणि मी सांगितल्यावर एकत्र बसून बोला.

सगळे गेल्यावर सैकाल मला पुसत होती. छोटी मीरिम तिच्या मांडीवर चढली.

"आई, पेंढ्या संपल्या आणि गवत वाढलंच नाही, तर कालबूबू मावशी कुणावर रागावेल?"

"माझ्यावर, कदाचित. म्हणून पेंढ्या संपायच्या आत सगळ्यांना पुन्हा बोलवू," म्हणत सैकालने तिचं बोट माझ्या खाचेवर ठेवलं.