कारण न देणाऱ्या बायका

माझा धंदा दातांचा. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि मी कवळी करून देते. गावातले निम्मे म्हातारे माझ्या जिवावर हसतात, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. माझी धाकटी बहीण मात्र शिकलेली, कॉलेजात सिनेमा शिकवणारी. तिनं एका दिग्दर्शिकेवर प्रबंध लिहायला घेतला आणि आमच्या घरादाराला त्या बाईंचं वेड लागलं.

संध्याकाळी कॉलेज सुटलं की धाकटी माझ्या कामाच्या खोलीत येऊन बसायची. मी मेणात एकेक दात बसवत असायचे आणि ती लिहिलेलं वाचून दाखवायची. बाईंच्या सिनेमांतल्या बायका म्हणजे एकेक नग. एक क्रेन चालवायची आणि लग्नाचा प्रस्ताव घेऊन खाली उभ्या असलेल्या माणसाला वरूनच हात हलवून वाटेला लावायची. एक आजी दुकानांतून चमचे चोरायची, पैशाला कमी नसताना, निव्वळ मजा म्हणून. एकीनं मरायला टेकलेल्या बापाला शेवटपर्यंत माफ केलं नाही, पण त्याची नखं मात्र नेमानं कापून दिली.

धाकटीचा मुद्दा असा होता, की इतर सिनेमांत बाई जरा वाकडी वागली की लगेच तिला एक जखम चिकटवतात. लहानपणी कुणी मारलेलं असतं, नाहीतर कुणी फसवलेलं असतं. म्हणजे प्रेक्षक हळहळायला आणि तिला माफ करायला मोकळे. ‘‘बाईंच्या बायकांना जखमच नाही, ताई,’’ ती म्हणायची. ‘‘त्या कारण देत नाहीत. त्यांना माफीच नकोय.’’

मला हा मुद्दा फार आवडायचा. का आवडायचा, हे जगात फक्त धाकटीला ठाऊक होतं.

माझी मुलगी, आमची बबडी, सहा वर्षांची असताना तिच्या वडिलांची दुसऱ्या शहरात बदली झाली. मी म्हटलं, तुम्ही दोघं जा, मी येत नाही. नवरा मारकुटा नव्हता की दारुडा नव्हता. पोरही गुणी होती. मला आई असण्याचा कंटाळा आला होता, बस. हे वाक्य मी उभ्या जन्मात एकाच माणसासमोर बोलले आहे. धाकटी तेव्हा कॉलेजात शिकत होती. तिनंच तोड काढली. ताईच्या छातीत संसर्ग झालाय, पोरीला लागायला नको, म्हणून लांब ठेवलंय, असं सगळीकडे सांगायचं. नवऱ्यानंही अब्रूखातर मान डोलावली.

दोन वर्षांनी मी स्वतः जाऊन बबडीला घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी कान उपटले नव्हते. एक दिवस तिची आठवण सहन होईना, म्हणून गेले. नवरा तिकडेच राहिला, पुढे त्यानं दुसरा संसार थाटला. आणि माझा तो आजार आमच्या घरात खऱ्यासारखा नांदायला लागला.

बबडी त्या आजाराच्या अंगाखांद्यावर वाढली म्हणा ना. शाळेतून आली की आधी मला पाणी गरम करून द्यायची. मोठी होऊन फिजिओथेरपिस्ट झाली, तीही छातीची. दमेकऱ्यांना श्वास घ्यायला शिकवते. का गं याच कामात शिरलीस, असं कुणी विचारलं की म्हणते, आईमुळे. अधूनमधून मला मशीनमध्ये फुंकर मारायला लावते आणि आकडा बघून चकित होते. ‘‘आई, ही फुप्फुसं आहेत की लोहाराचा भाता? तू आजारी होतीस यावर कुण्णी विश्वास ठेवणार नाही.’’ मी हसून विषय बदलायचे.

तर तो प्रबंध. मध्येच त्याचं गाडं अडलं. बाई मुलाखत द्यायला तयार नाहीत आणि मुलाखतीशिवाय शेवटचं प्रकरण होत नाही, असं धाकटी रडकुंडीला येऊन सांगायची. मग एक दिवस ती नाचतच आली. ‘‘बाई एकदम खुलल्या, ताई! तीन दिवस बोलत होत्या.’’ मीही खूश झाले. कसं काय खुलल्या हे विचारायचं मला सुचलं नाही. प्रबंध पूर्ण झाला, त्याचं पुस्तक झालं, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘ताईस’ असं छापलेलं बघून मी हातातलं काम टाकून रडले होते.

पुढे बाईंचा नवा सिनेमा आला. पहिल्या खेळानंतर मंचावर बाई असणार होत्या आणि त्यांच्या सगळ्या नायिकांवर धाकटी बोलणार होती. तिनं मला एक पास पाठवला. मी फोन करून म्हटलं, एक कसा, बबडी नको का? धाकटी घाईनं म्हणाली, ‘‘तिला कुठे वेळ असतो गं? तिचे पेशंट असतील.’’ मी म्हटलं, मावशीचा एवढा मोठा दिवस, रजा काढायला लावते. काढायला लावलीही. माझ्याच हातानं मी पोरीला तिथं नेऊन बसवलं.

सिनेमातली बाई केसांचे टोप करणारी होती. पहिला भाग मी मजेत बघितला. तिचं हात चालवणं, गिऱ्हाइकांना टोमणे मारणं, सगळं अगदी आपल्यातलं वाटत होतं. मग तिच्या नवऱ्याची बदली झाली. ती दारात उभी राहून म्हणाली, तुम्ही दोघं जा. हे शब्द माझे होते. तरी मी मनाची समजूत घातली, की जगात असं वागलेली मी एकटीच थोडी असेन? बाईंना आपलं आपण सुचलं असेल.

मग तो फोन आला. पडद्यावर टोपवालीचा फोन वाजतो. ती उचलते, पण हॅलो म्हणायच्या आधी दोनदा खोकते. मग क्षीण आवाजात मुलीशी चार शब्द बोलते. फोन ठेवते आणि बशीतलं अर्धं राहिलेलं सफरचंद चवीनं खाऊन संपवते. सगळं सभागृह हसलं.

मी अश्शीच खोकायचे. त्या दोन वर्षांत बबडीचा फोन आला की आधी खोकला, मग हॅलो. धाकटी घरात असली की ते ऐकून उशीत तोंड खुपसून हसायची. तिच्याशिवाय हे कुणी पाहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलंही नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, हे मला त्या मऊ खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

बबडी माझ्या कानाशी वाकून कुजबुजली, ‘‘खोटा आहे गं खोकला. छातीतला नाही, घशातला काढतेय.’’ तिला गंमत वाटत होती. दुसऱ्या फोनला पुन्हा तसाच खोकला आला, तेव्हा ती पुढे सरकून ऐकू लागली. तिसऱ्या फोनला तिनं आमच्या दोघींच्या मधल्या दांड्यावरचा हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. सिनेमा संपेपर्यंत मला तिच्याकडे बघायची छाती झाली नाही.

आणि सिनेमा संपला कुठे, तर टोपवाली खिडकीत बसून फळ खातेय तिथं. ती पोरीला आणायला गेली, हे त्यात नव्हतंच.

दिवे लागले. धाकटी मंचावर आली, छान दिसत होती. क्रेनवाली, चमचेचोर आजी, नखं कापणारी मुलगी, सगळ्यांबद्दल भरभरून बोलली आणि मग या टोपवालीकडे आली. ‘‘हा खोकला म्हणजे या स्त्रीनं जगाला दिलेलं एकमेव कारण, आणि तेही खोटं. बाईंच्या नायिकांमध्ये ही सर्वांत धीट. हिला पश्चात्ताप नाही. ही मागे वळत नाही.’’ मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, वळले होते मी, तूच स्टेशनवर आली होतीस आम्हाला घ्यायला!

मग दिग्दर्शिकाबाई बोलल्या. ‘‘माझा एक नियम आहे. कुणाला माझी मुलाखत हवी असेल तर एक उत्तर मी देते, एक खरी गोष्ट समोरच्यानं द्यायची. ही टोपवाली मला या विदुषींनी दिली.’’ टाळ्या पडल्या. धाकटी लाजून हसली. म्हणजे तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण माझ्या बदल्यात मिळालं होतं.

प्रश्न विचारायला माइक फिरू लागला आणि मी काही कळायच्या आत बबडी उभी राहिली. ‘‘त्या मुलीचं पुढे काय झालं?’’

बाईंनी मनापासून उत्तर दिलं. ‘‘मुलगी या गोष्टीच्या बाहेर आहे. तिच्यामागे गेले असते तर सिनेमा नेहमीसारखाच झाला असता.’’ धाकटी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिली.

बाहेरच्या दालनात चहाची गर्दी होती. बबडी तोंड धुऊन येते म्हणून गेली आणि मी धाकटीला खांबाआड गाठलं.

‘‘का केलंस?’’

‘‘ताई, नाव कुठे घेतलंय तुझं? दातांचं काम काढून केसांचे टोप मीच करायला लावले. कुणाला कळणारेय?’’

‘‘जिला कळायला नको होतं तिला कळलं.’’

तिचे डोळे भरले. ‘‘अशा बाईला कारण विचारू नका, म्हणून इतकी वर्षं मी कंठशोष करतेय. तो कुणासाठी, ताई? तुझीच बाजू मांडली मी.’’

‘‘माझी बाजू जगापुढे मांडलीस आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. माझं दुखणं देऊन स्वतःचं पुस्तक केलंस आणि वर ते मलाच अर्पण केलंस!’’ आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार न्यायची कुणाकडे? तेवढ्यात कुणीतरी तिला सही मागायला आलं आणि तिनं डोळे टिपून पेन हातात घेतलं.

बबडी मला पायऱ्यांवर भेटली. तिची पिशवी माझ्याकडे होती, ती घेण्यासाठीच थांबली असावी.

‘‘का पाठवलंस मला?’’ तिनं विचारलं.

कारण न देणारी बाई पडद्यावर फार रुबाबदार दिसते. आपली मुलगी समोर उभी राहून विचारते, तेव्हा तीच बाई भिकाऱ्यासारखी कारण शोधत फिरते. कुणी मला मारलं असतं, छळलं असतं तर बरं झालं असतं, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं. माझ्याजवळ काहीच नव्हतं.

‘‘मी घ्यायला आले होते तुला,’’ मी म्हटलं. ‘‘माझी मी आले होते.’’

‘‘आलीस. बरी झाले असं सांगून.’’

मग मी ते केलं, ज्यासाठी दोन मिनिटांपूर्वी बहिणीला बोल लावत होते. तिला पुढे केलं. ‘‘आजाराचं सगळं मावशीनं काढलं, बबडे. माझ्या डोक्यात नव्हतं. तिनंच सुचवलं.’’

बबडीनं माझ्याकडे नीट पाहिलं, पेशंटकडे बघते तसं.

‘‘सुचवलं असेल मावशीनं,’’ ती म्हणाली. ‘‘खोकलीस तू.’’

तिनं माझ्या खांद्यावरून आपली पिशवी काढून घेतली आणि ती पायऱ्या उतरून गेली.