आकर्ण

"थर्स्टनकाका, आज धनुष्य वाकणार की कंबर?" चर्चच्या दारातच विल्किनने टोमणा मारला, तशी सगळी मंडळी खिदळली.

"तुझ्या बापाला विचार," थर्स्टन म्हणाला. "फ्रान्सात माझ्याच पाठीमागे लपून होता तो."

थर्स्टनची बायको हॅविसही हसली, पण वरवर. रविवारची प्रार्थना संपली की गावातल्या पुरुषांनी कुरणावर नेमबाजीला जायचं, हा राजाचा हुकूम. आज तिथं फौजेचा नायक तिरंदाज निवडायला येणार, हे गावाला महिनाभर आधीच कळलं होतं. थर्स्टनचा उजवा खांदा हिवाळ्यापासून निकामी झालाय, हे फक्त तिला ठाऊक होतं. घरामागे तो गुपचूप धनुष्य ओढून बघायचा आणि अर्ध्यातच हात खाली घ्यायचा. गावादेखत तसं झालं तर तो शरमेनं खचला असता. आणि निवड झाली तर? असल्या खांद्याचा माणूस लढाईतून परत येत नाही.

म्हणून तिने ते केलं. ती धनुष्य घडवणाऱ्याची लेक. नवरा मेंढरांमागे गेला की बापाची जुनी पाती घेऊन ती त्याच्या धनुष्याची, त्या यू झाडाच्या चिवट लाकडाची, आतली बाजू जराजरा खरवडायची आणि वरून मेण चोळून ठेवायची. धनुष्य नरम झालं की त्याला ओढता येईल, पण बाण लांबच्या निशाणापर्यंत पोहोचणार नाही. मानही राहील आणि माणूसही.

थर्स्टनचं नाव पुकारलं गेलं. त्याने पाय रोवले. तो धनुष्य नुसत्या हाताने ओढतच नसे, सगळं अंग त्यात लोटून देई. पाठीचे स्नायू सदऱ्याखालून उठले, दोरी हनुवटीवरून मागे सरकली आणि त्याने आकर्ण ओढलं.  हे हॅविसने जन्मभर पाहिलं होतं, तरी आजही अंगावर काटा आला. असे हजारो एका रांगेत उभे राहिले की ढगासारखे बाण सुटतात आणि मोठमोठे चिलखती सरदार घोड्यांसकट चिखलात लोळतात. आणि हे करतात कोण, तर तिच्या नवऱ्यासारखे मेंढपाळ!

बाण सुटला. निशाणाच्या बराच अलीकडे गवतात पडला.

थर्स्टनने हातातल्या लाकडाकडे पाहिलं. मग गर्दीतल्या बायकोकडे.

"ओढलंस तर झकास," नायक बुचकळ्यात पडला. "धनुष्यातच खोट दिसतेय. आण बघू इकडे."

थर्स्टनने ते दिलं नाही.

"धनुष्याला बोल लावू नका, साहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझ्या सासऱ्याच्या हातचं आहे ते. माझाच खांदा गेलाय."

कोणी हसलं नाही. विल्किनसुद्धा नाही. नायकाने डोक्यावरची टोपी काढली आणि पुढचं नाव पुकारलं.

दोघं घराच्या वाटेला लागली. तिने विचारलं, "अहो, रागावलात?"

"किती खरवडलंस?"

"थोडंसंच."

"वरपासून खालपर्यंत एकसारखं तासलंस गं. तुझ्या बापालाही जमलं नसतं."

तिला रडू फुटलं. त्याने धनुष्याची दोरी उतरवली आणि गुंडाळून खिशात टाकली. मग, ज्याचं टोक त्याने आजवर कधी मातीला लागू दिलं नव्हतं, ते धनुष्य काठीसारखं टेकत टेकत तो समोरचा चढ चढू लागला.