दुपट्यासकट अडीच किलो

स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही, मित्रांनो! प्रसूतिगृहात तान्ही बाळं तोलणारा जुना काटा मी. पोटात स्प्रिंग, वर पत्र्याचं तबक. कारखान्यात माझे भाग जुळवले, पांढरा रंग फासला आणि मला इथे आणून ठेवलं. दार आपटलं तरी माझी सुई थरथरते. हजारो बाळं माझ्या तबकात रडली. काटा अगदी चोख आहे, असं सगळे म्हणायचे. मग बटणांचं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी तपासणीच्या खोलीतल्या कपाटावर झाली. तिथे मी धूळ खात पडलो.

पण एक वजन मला अजून डाचतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एक इस्त्रीवाली इथे बाळंत झाली. नऊ महिने बिचारी सगळ्यांना वाढून मग खायची, आणि बहुतेक वेळा काही उरायचंच नाही. मुलगी झाली मुठीएवढी, जेमतेम दोन किलो. बाहेर सासू टोमणे मारायला टपलेलीच होती. आमच्या सिस्टर तेव्हा नव्या, मनानं लोण्यासारख्या. त्यांनी बाळाला जाड लोकरी दुपट्यात गुंडाळून पुन्हा तबकात ठेवलं आणि कार्डावर अडीच किलो लिहिलं. सासूला टोमण्यासाठी जागाच उरली नाही. मी मात्र खोटा पडलो. ओरडून सांगावं, तर मला तोंड कुठे आहे?

परवा तीच मुलगी इथे आली. आता ती शिलाई कारखान्यात कामाला आहे आणि पाच महिन्यांची गरोदर. रक्तातली साखर बरीच वाढलेली. सोबत आलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, हिच्या जिभेचे चोचले, दुसरं काय! खरं तर साखर वाढल्याचं कळल्यापासून धास्तीनं ती आठवडाभर एकच वेळ जेवत होती. डॉक्टरीणबाईंनी तिनं सोबत आणलेलं तिच्या जन्माचं जुनं कार्ड पाहिलं. जन्माचं वजन तर ठीक दिसतंय, असं त्या पुटपुटल्या. माझ्या तबकात काहीच नव्हतं, तरी माझा जीव वरखाली होत होता. सिस्टर कोपऱ्यात उभ्या होत्या. आता त्यांचे केस पिकलेत.

"ते वजन खोटं आहे," त्या म्हणाल्या. "मी दुपट्यासकट केलं होतं. ही दोनच किलोची होती. हिची आई उपाशी होती."

मग डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पोटात असताना बाळाला अन्न कमी पडलं, तर त्याची जनुकं बदलत नाहीत. पण कुठलं चालू ठेवायचं नि कुठलं दाबून ठेवायचं, याच्या खुणा त्यांच्यावर पडू शकतात. शरीर काटकसर शिकतं. पुढे पोटभर मिळू लागलं, की साखर आवरणं त्याला जड जाऊ शकतं. हेच एकमेव कारण असं नाही, पण पोरीला बोल लावू नका. नेमून दिलेलं वेळेवर खाल्लं, चालणं ठेवलं, तर पुष्कळ सावरता येतं.

"म्हणजे मी उपाशी राहून माझ्या बाळाचंच नुकसान करत होते?" मुलीनं विचारलं आणि ती रडायलाच लागली.

सासूबाई ओशाळल्या. त्यांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला, तिच्यासमोर उघडला.

"जेव. मी इथेच बसते," त्या म्हणाल्या.

अजून चार महिने आहेत, मित्रांनो. कसं होईल, काय होईल, या विचारानं मला चैन नाही. तुम्ही एवढं करा. आज घरी गेलात की आईला विचारा, तू जेवलीस का? आणि ती हो म्हणाली, तरी तिचं ताट बघा.