टिकलीचा घेवडा

टाकव्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत मोजक्या घरांची एक वाडी आहे. आखितीच्या, अक्षय्यतृतीयेच्या सकाळी तिथल्या बाया धोंडाबाईच्या दारात पदर पसरून उभ्या राहायच्या. धोंडाबाई मडक्यातून राखेत घोळलेलं घेवड्याचं बी काढायची आणि प्रत्येकीच्या पदरात ओंजळभर टाकायची. तांबडा दाणा, त्यावर पांढरी टिकली. पीक निघालं की संक्रांतीला ज्या त्या घरानं ओंजळभर दाणे तिला परत आणून द्यायचे आणि तिनं त्यातले निवडून मडकं भरायचं, अशी रीत पडली होती. त्यामुळं दुसरं कुणी बी राखून ठेवायचं नाही. तिच्या शेजारच्या नंदाबाईनंही कधी ठेवलं नव्हतं. विहिरीला पाणी असतं तसं धोंडाबाईकडं बी असतं, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

हा घेवडा यायचा तो जळक्या जमिनीवर. पूर्वी एका ठेकेदारानं देवाच्या राईजवळ कोळशाच्या भट्ट्या लावल्या होत्या. वाडीतलेच गडी मजुरीवर झाडं पाडायचे. भट्ट्या राईला भिडल्या तेव्हा धोंडाबाई रचलेल्या लाकडांवर चढून बसली. खाली पलिता घेऊन नंदाबाईचा नवरा अंबाजी उभा.

"मावशी, उतर खाली. आमच्या पोटावर पाय नको आनू."

"तू पेटव की. मी हितंच हाय."

अंबाजीनं पलिता मातीत खुपसला. पुढं ती किती वेळा तरी लोणावळ्याला पायी गेली, जंगलखात्याच्या कचेरीच्या पायरीवर बसून राहिली आणि शेवटी साहेबाला डोंगरावर घेऊनच आली. भट्ट्या उठल्या, राई वाचली. मजुरी बुडाली म्हणून निम्मी वाडी तिच्याशी बोलेना. भट्ट्यांच्या जागी काळी रिंगणं उरली होती, तिथं गवतसुद्धा धरेना. धोंडाबाईनं डोक्यावरून शेणखत वाहिलं, आळी केली, घेवडा लावला. शेंगा लागल्या तेव्हा न बोलणाऱ्यांच्या दारात तिनं आधी टोपली ठेवली. तेव्हापासून ती बाग साऱ्या वाडीची झाली.

अंबाजी पुढं तिची थट्टा करायचा. "मावशी, त्या दिवशी पेटवलं असतं तर तुजा कोळसाबी झाला नसता. लय वाळल्याली हाईस."

"तुज्या बिडीपुरता झाला असता, मुडद्या."

बहात्तरच्या दुष्काळानं बाग करपवली. संक्रांतीला घरोघरचे मिळून मडक्याच्या तळाशी जेमतेम दाणे जमले. तेवढे तिनं राखेत घोळले, मडकं शिंक्यावर चढवलं आणि फाल्गुनात दोन दिवसांच्या तापानं धोंडाबाई गेली.

तिला मूल नव्हतं. दहाव्याचं सगळं नंदाबाईनं अंगावर घेतलं, धोंडाबाईच्याच घरात. आदल्या सांजेला नवलाख उंबरे गावाहून धोंडाबाईची भावकी आली, ती धरली होती त्याच्या दुप्पट. घरात रेशनची तांबडी मिलो ज्वारी होती, भाकरी झाल्या असत्या. पण कोरड्या भाकरी पाहुण्यांपुढं ठेवायच्या कशा? नंदाबाईची नजर शिंक्यावर गेली.

शेजारची शालन म्हणाली, "अगं, बी हाय ते."

"ठावं हाय मला. पन उद्या मावशीच्या नावानं लोकं उपाशी उठली तर?"

शालननं जरा विचार केला. "घरोघर असंल की. सारी वाडी घेवडा लावती."

"तुज्याकडं असंल ना?"

"असंल गाडग्यात कुटंतरी. घाल भिजत."

नंदाबाईनं दाणे धुतले. राखेचं काळं पाणी अंगणात वाहत गेलं. सकाळी बघते तर दाणे टरारून फुगलेले, काहींची साल फाटून पांढरा डोळा दिसत होता. तिचा हात क्षणभर थांबला. पण चूल पेटली होती आणि घाटावर गेलेली माणसं येण्याची वेळ झाली होती.

माणसं उन्हाची आली. पंगत बसली. अंबाजी पानावर बसत म्हणाला, "कावळा शिवंना की गं. भावकीनं वर्षश्राद्ध कबूल केलं, तरी न्हाई. मी म्हनलं, राईला कुऱ्हाड लागू देनार न्हाई. तरी आपला फांदीवरच. मग म्हनलं, मावशी, तुजी बाग आमी चालवू, एक आळं रिकामं ठेवनार न्हाई. तसा उतरला बग! अशी झडप घातली..."

नंदाबाईच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली.

"वाढ की. आमटी झ्याक झाल्याली दिसतीय."

तिनं वाढली. पानात तांबडे दाणे पडले, शिजून त्यांची टिकली गेली होती. शालनकडं असेल, असं ती मनात म्हणत राहिली आणि पंगत उठेपर्यंत तिनं शालनकडं बघितलं नाही.

आखितीला बाया सवयीनं धोंडाबाईच्या दारात गेल्या. दाराला कडी होती. मग त्या नंदाबाईकडं आल्या. शालनही आली, तिनंही पदर पुढं केलेला.

"तुज्या गाडग्यात व्हतं ना गं?" नंदाबाईनं विचारलं.

"न्हाई सापडलं. मला वाटलं, तू मूठभर तरी काडून ठिवलं असशील."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी आपुन समद्यांनी मिळून खाल्लं."

पदर खाली गेले.

नंदाबाई डोंगरावर गेली. अंबाजीनं पहाटेपासून काळ्या रिंगणांत आळी करून ठेवली होती, खत घातलेलं, माती भुसभुशीत. खालच्या झऱ्यावरून पाण्याच्या घागरी वाहून वाहून त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तिला बघून त्यानं हात पुढं केला.

"आन बी."

"न्हाई."

"घरी राह्यलं का?"

"अवो, दहाव्याची आमटी..."

अंबाजीनं हात मागं घेतला. तो राईकडं वळला. मग हळूच म्हणाला, "मी दोनदा वाढून घेतली व्हती."

नंदाबाई खाली बसली. लोणावळ्याच्या बाजारात घेवडा मिळेल, असं ती सांगणार होती. पण त्या दाण्यावर टिकली नसणार आणि या मातीत तो धरेल की नाही हे सांगायलाही आता कुणी नव्हतं.

अंबाजीनं घागर उचलली आणि पहिल्या आळ्यात ओतू लागला.

"अवो, रिकामंच हाय ते."

"आनलंय पानी," तो म्हणाला. "आता खाली कुटं न्यायचं?"

तो पुढच्या आळ्याकडं गेला. नंदाबाई उठली, दुसरी घागर कमरेवर घेतली आणि त्याच्या मागून चालू लागली.