जामीन जप्त

नवऱ्यानं, धाकूनं, हौसाबाईच्या मनगटाचं हाड मोडलं, तेव्हा ती आधी थोरल्या दिराकडे, दगडूकडे गेली. दगडूनं म्हण तोंडावर फेकली, "नवऱ्यानं मारला न् पावसानं झोरपला, तं दाद कुनाकरं मांगाची?"

मग ती बाळकुमहून चालत ठाण्याला गेली, श्रीपाद वकिलांकडे. त्यांच्या घरी ती भाजी घालायची. दाद मागायची जागा असते, हे तिला तिथं कळलं.

मॅजिस्ट्रेटनं हुकूम दिला : धाकूनं वर्षभर शांततेनं वागायचं आणि तसा जामीन द्यायचा. दुसरं कोण उभं राहणार? घराण्याची अब्रू म्हणून दगडूनं अंगठा उठवला. बाहेर आल्यावर वकिलांनी पान चघळतच दोघा भावांना बजावलं, "बाईवर हात उगारला, की जामीन जप्त!"

दगडूनं ऐकलं, जमीन जप्त! खाडीकाठचं भाताचं खाचर तर सगळ्या भावकीचं सामाईक. पानाला तरी किती दोष द्यायचा? कोर्टाची पायरी चढलेल्या शेतकऱ्याला जमिनीखेरीज दुसरं ऐकूच येत नाही.

झालं! धाकू ताडी पिऊन ओरडला, की चुलतभाऊ धावत येत. एकदा तर त्यांनी त्याला चिंचेला बांधून घातला. बाईचं हाड मोडलं तेव्हा एकाला घाम फुटला नव्हता; खाचर जाणार म्हटल्यावर अख्ख्या भावकीला माया आली. ऐकणाऱ्याला संताप येईल. हौसाबाईला मात्र संतापायला सवड नव्हती, तिला जगायचं होतं.

पुढे भाजी घालायला गेली असताना तिनं वकिलांना जमिनीचं विचारलं. ते पोट धरून हसले. "जमीन नव्हे गं, जामीन! आणि तोही वर्ष सरलं की संपला." परतताना ती वाटभर दिवस मोजत राहिली. वर्ष सरत आलं होतं.

ते सरलं त्या दिवशी धाकू चुलीपाशी येऊन उभा राहिला. मागे दगडू.

"वरीस भरला. आता सुटली ना जमीन?" धाकूनं विचारलं.

हौसाबाई जन्मात खोटं बोलली नव्हती.

"नाय," ती म्हणाली. "वकील बोलला, मी जिती हाय तवर नाय."

दगडूनं भावाला दंडाला धरून ओटीवर नेलं. लग्न झाल्यापासून हौसाबाई नवऱ्याकडे पाठ करून कधी बसली नव्हती. वार कुठून येईल, याचा नेम नसे. थोड्या वेळानं धाकू पुन्हा आत आला. ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. तिनं वळून पाहिलं नाही.