बुधवारचा खिमा

लायल वोझाबला स्वयंपाक येत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. गाव म्हणजे तरी केवढं, नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांत दोन रस्ते, एक चर्च आणि धान्याचं एक उंच कोठार. बायको सोडून गेली तेव्हा लोक म्हणाले, आता हा डबे फोडून खाणार. तसंच झालं. दोन वर्षं गडी डबे फोडूनच खात होता, आणि स्वतःपुरतं त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं.

प्रश्न होता बुधवारचा. कोर्टानं मुलगी आईकडे दिली आणि बापाला दिला बुधवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. बुधवारच का, तर आमच्याकडे त्या संध्याकाळी शाळा सामने ठेवत नाही, ती वेळ चर्चसाठी राखलेली असते. म्हणजे देवाच्या वाट्यातलेच दोन तास काढून लायलच्या पदरात टाकले होते. त्यातली चाळीस मिनिटं जाण्यायेण्याच्या रस्त्यात जात. उरलेल्या वेळात बाप व्हायचं.

पहिले काही महिने तो लेकीला, टेरिनला, पेट्रोल पंपावरच्या दुकानात पिझ्झा खायला न्यायचा. दोघं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर समोरासमोर बसायची. एक दिवस पोरगी म्हणाली, "बाबा, आपण दोघं कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखे का बसतो रे?" लायलला ते असं लागलं की घरी आल्यावर त्यानं स्वतःच्या आईचा बिडाचा खोलगट तवा माळ्यावरून काढला आणि गंज घासत बसला.

स्वयंपाक त्याला शिकवला व्हर्नानं. व्हर्ना म्हणजे कोठाराच्या वजनकाट्यावर बसणारी बाई. साठी उलटलेली, तोंडानं फटकळ, मनानं सोनं. लायल कोठाराचाच ट्रक चालवायचा, तो धान्य घेऊन काट्यावर आला की ती खिडकीतून धडे द्यायची.

"हे बघ मेल्या, तुझ्याकडे वेळ किती? तासभर. म्हणजे एकच तवा. गाईचा खिमा परतून घे. चरबी सुटली की ओतून टाक. कांदा घाल, हाताला लागेल ती भाजी घाल, टोमॅटोचा डबा उलटा कर, वर झाकण ठेव. आणि मग गप्प बस."

"गप्प बस म्हणजे?"

"म्हणजे ढवळू नकोस, झाकण उघडू नकोस, मधेमधे करू नकोस. तुम्हा पुरुषांना तेवढंच जमत नाही."

लायल शिकला. खिमा-बटाटा, खिमा-कोबी, खिमा-मका-ढोबळी मिरची. पंचवीस मिनिटांत ताटं मांडलेली. उन्हाळाभर टेरिन जेवली, हसली, एकदा तर तवा पावानं पुसून खाल्ला. ते त्याचे चांगले दिवस. माणसाला चांगले दिवस चालू असताना कळत नाहीत, हेच तर आहे.

मग ऑगस्ट आला आणि तालुक्याची जत्रा आली. टेरिननं चौदा महिने एक गोऱ्हा वाढवला होता. सावत्र बाप ब्रेंटच्या गोठ्यात, पण सगळं हिनंच केलं. पहाटे उठून चारा, शाळेतून आली की खरारा, मग दाव्याला धरून चालवणं. गोऱ्ह्याला नाव ठेवू नये म्हणतात, हिनं ठेवलं होतं, वॅफल. जत्रेत मुलं आपापली जनावरं रिंगणात आणतात, लिलाव होतो, बोली फुटते, आणि पोरानं आपल्या हातानं दावं पुढच्या माणसाकडे द्यायचं. मग जनावर खाटकाकडे. आमच्याकडे ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सगळे ह्यातूनच गेलेत.

"बाबा, तू येशील ना? मी दावं देईन तेव्हा तू कुंपणापाशी उभा राहा," तिनं सांगितलं होतं.

"येणार म्हणजे येणार," लायल म्हणाला होता.

आणि आला नाही. कोठारानं त्याला माल घेऊन कॅन्ससच्या हद्दीवर पाठवलं, तिथं ट्रकचा आस मोडला, आणि लिलाव चालू होता तेव्हा हा रस्त्याकडेला तळतळत उभा. फोनवर फोन केले. तिनं एकही घेतला नाही. नंतर भेटली तेव्हा रागावलीसुद्धा नाही, नुसतं "असू दे" म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तिचं जेवण बिघडलं. ती भाजी वेचून खायची आणि खिमा ताटाच्या कडेला सारायची. गाजर खाल्लं, मटार खाल्ले, खिम्याचा ढीग तसाच. लायलला वाटलं, मीठ चुकतंय. मग वाटलं, चरबी राहतेय. दर बुधवारी नवा मसाला, नवी भाजी. व्हर्नाला विचारून विचारून त्यानं भंडावलं. ढीग काही हलेना. तो तोंडानं काही बोलायचा नाही, पण चेहरा पडायचा, आणि पोरीला तो दिसायचा.

आता ह्या शहाण्यानं काय केलं ते ऐका. वॅफलला विकत घेतलं होतं एका बियाणेवाल्यानं. त्याला एवढं मांस नको होतं, म्हणून खाटीक डेलबर्ट ते पाव-पाव हिश्श्यानं विकत होता. लायलला कळलं आणि त्यानं एक हिस्सा घेतला. पांढऱ्या कागदातली पुडकी गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये गळ्यापर्यंत रचली आणि झाकण लावून ठेवलं. कुणाला बोलला नाही.

त्याच्या डोक्यात काय होतं? तो बारा वर्षांचा असताना त्याचाही गोऱ्हा विकला गेला होता. त्याच्या बापानं, जो आयुष्यात कधी प्रेमाचं अक्षर बोलला नाही त्या माणसानं, त्यातला अर्धा परत विकत घेऊन रविवारी टेबलावर मांडला होता आणि सगळ्यांसमोर लायलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "हे माझ्या पोरानं वाढवलंय." ती थाप लायलला अजून आठवायची. तशीच थाप त्याला टेरिनच्या पाठीवर द्यायची होती. जत्रेत हुकलेली. एवढंच होतं हो त्याच्या मनात, पाप नव्हतं.

ऑक्टोबर संपत आला. शुक्रवारी टेरिन चौदाची होणार होती आणि सोमवारी न्यायाधीशांपुढे जाणार होती. तिची आई डॅना हिचं म्हणणं, पोरगी मोठी झाली, तिचे मित्र-मैत्रिणी बुधवारी चर्चमध्ये जमतात, तिला दर वेळी तोडून का न्यायचं? वकिलानं लायलला सांगून टाकलं होतं, "न्यायाधीश तिलाच विचारणार. ती म्हणेल तसं होईल." म्हणजे हा बुधवार शेवटचा ठरू शकत होता. लायलला तीन रात्री झोप नव्हती. बुधवार गेला तर त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

म्हणून त्या दिवशी त्यानं फ्रीजर उघडला.

टेरिन आली ती वेगळीच. जॅकेट काढलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "दे, गाजरं मी चिरते."

"अगं, बोट कापशील."

"तू कापलं नाहीस अजून, मग मी कशी कापीन?"

लायल हसला. खिमा तव्यात पडला, चरचरला. तो परतत होता, ती चिरत होती, चिरता चिरता बोलत होती. गणिताचे मास्तर कसे नाकात बोलतात, ब्रेंट कसा घोरतो. त्यानं चरबी ओतली, कांदा घातला, गाजर, मटार, बटाट्याच्या फोडी, टोमॅटो. झाकण ठेवलं. पंधरा मिनिटं दोघं टेबलाशी बसली, आणि पहिल्यांदाच कुणाची वाट बघत बसल्यासारखं वाटत नव्हतं.

ताटं वाढली. टेरिननं चमचा भरला, भाजी आणि खिमा दोन्ही. क्षणभर थांबली. मग तोंडात घातला, डोळे मिटून चावला, गिळला. दुसरा घास. तिसरा. लायल आपलं जेवण विसरून बघत राहिला.

"बघतोस काय? चांगलं झालंय," ती म्हणाली. "अजून वाढ थोडं."

त्यानं मोठा डाव भरून वाढला.

"बाबा, सोमवारी मी सांगणार आहे, बुधवार राहू दे म्हणून. आईला आवडणार नाही. पण मी सांगणार आहे."

झालं! एवढ्यावर थांबायचं होतं ना त्यानं! जन्माचं मिळालं होतं. ताट उचलायचं, भांडी घासायची, पोरीला घरी सोडायचं. पण आनंद झाला की माणसाच्या तोंडाला कुलूप राहत नाही. लायलचे डोळे भरून आले. तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या मागे गेला आणि बापानं दिली होती तशी थाप त्यानं तिच्या पाठीवर दिली.

"हे माझ्या पोरीनं वाढवलंय," तो म्हणाला.

"काय?"

"हाच. तुझा वॅफल. मी जत्रेत येऊ शकलो नाही, त्याचं मला किती... म्हणून डेलबर्टकडून घेतला. म्हटलं, परक्याच्या ताटात जाण्यापेक्षा आपल्या ताटात येऊ दे. भरपूर आहे, टेरिन. वर्षभराचे बुधवार पुरेल."

तिनं चमचा खाली ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही.

"मी ऑगस्टपासून हे खात नाही," ती हळू म्हणाली. "आईला माहितीये. ब्रेंटलासुद्धा माहितीये. आमच्याकडे आता कोंबडीच करतात. तू इतकी मेहनत करतोस, आणि मी बाजूला काढलं की तुझा चेहरा पडतो. म्हणून म्हटलं, आज एकदा तुझ्यासाठी खाऊ."

"मला कुणी सांगितलंच नाही गं..."

"कुणीतरी खाणार हे मला माहीत होतं, बाबा. मी काय लहान आहे? दावं मीच दिलं त्या माणसाच्या हातात. वॅफल निघेना, माझ्याकडेच बघत होता, तर मीच त्याला पुढे ढकललं. मला फक्त एवढंच हवं होतं, की ते खाणारं माणूस मी नसावं."

ती उठून न्हाणीघरात गेली. दाराआडून उलटीचे आवाज आले. लायल पाण्याचा पेला घेऊन दाराबाहेर उभा राहिला आणि नको ते सगळं बोलत सुटला. माझ्या बापानंपण असंच केलं होतं. मला वाटलं तुला बरं वाटेल. मी मुद्दाम नाही केलं गं, देवाशपथ.

"गप्प बस ना, बाबा," ती आतून म्हणाली. "प्लीज गप्प बस."

मग परतीचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं उघडी पडली होती. साडेसातला पाच मिनिटं कमी असताना गाडी डॅनाच्या दारात लागली. टेरिननं दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि थांबली.

"फ्रीजरमध्ये अजून किती आहे?"

"आहे. बरंच आहे. मी उद्याच टाकून देतो, बाळा. सगळं टाकून देतो."

"नाही!" ती पहिल्यांदा ओरडली. "टाकायचं नाही. कुत्र्यांना घालायचं नाही. कुणाला द्यायचंपण नाही. तू खा. सगळा खा. कळलं?"

"खातो," लायल म्हणाला. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "आणि सोमवारी?"

ती खाली उतरली. दार मात्र हळूच लावलं, आपटलं नाही. त्या हळू लावण्यावर लायलनं रविवारपर्यंत आशेचे इमले बांधले.

सोमवारी दुपारी तो काट्यावर असताना वकिलाचा फोन आला. पोरीला विचारलं, पोरीनं सांगितलं. बुधवार बंद. तिला कधी यावंसं वाटलं तर ती स्वतः फोन करेल. वकिलानं दोन वाक्यांत उरकलं. खिडकीतून व्हर्नानं लायलचा चेहरा बघितला. तिनं वजनाची चिठ्ठी मुकाट्यानं त्याच्या हातात दिली.

बुधवारी साडेपाचला लायलनं गॅरेजमधून एक पुडकं आणलं. बिडाचा तवा तापवला. खिमा परतला, चरबी ओतली, कांदा घातला. गाजरं चिरताना मागच्या बुधवारी तिनं चिरलेली एक चकती न धुतलेल्या सुरीच्या पात्याला सुकून चिकटलेली सापडली. ती त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. तव्यावर झाकण ठेवलं आणि बसून राहिला. ढवळलं नाही, झाकण उघडलं नाही.

मग एकच ताट वाढून घेतलं. पहिला घास घेतला. पाण्याबरोबर ढकलला. दुसरा ढकलला. रडू येत होतं, तो रडतच जेवला. कडेला काही सारलं नाही. तव्यातलं उरलेलंही वाढून घेतलं आणि शेवटी पावाच्या तुकड्यानं तवा पुसून तोही खाल्ला. पोरीनं त्याच्याकडे शेवटचं म्हणून एवढंच मागितलं होतं, आणि ह्या वेळी त्याला दिलेला शब्द मोडायचा नव्हता.