मंडळाचं आडनाव

काल्याचं कीर्तन आटोपलं, तशी सौंसरच्या मारुतीच्या पारावर माणसं एकमेकांच्या तोंडात काला भरवू लागली. 'देवाच्या पंगतीत पाहुणा कोणी नाही, सारे घरचेच,' असं बुवांनी नुकतंच गाऊन सांगितलं होतं. म्हाताऱ्या पुंडलिकरावांचे डोळे अजून ओलेच होते. देवीदासानं तर मृदंग वाजवणाऱ्या हरिपदाला मिठी मारून घास भरवला.

हरिपद मृदंगाच्या पुडीला लावलेली कणीक खरवडायला बसला. चौसष्ट साली बायकोचा हात धरून तो पूर्व पाकिस्तानातून पळून आला होता. निर्वासितांच्या छावणीत नाव नोंदवलं नाही, जवळ कागदाचा कपटाही नाही. इथं संत्र्याची कलमं बांधायला शिकला. त्याची लेक जयश्री इथंच जन्मली, तिला वऱ्हाडीशिवाय बोलता येत नव्हतं. पण आसामातून परकीयांना हाकलायच्या बातम्या पेपरात यायला लागल्या आणि पारावर वाद पेटला. कायदा म्हणजे कायदा, असं काही म्हणत. बावीस वर्षांनी पोरीला कुठं धाडता, असं काही विचारत.

देवीदासानं दह्याचा हात धोतराला पुसला, खिशातून अर्ज काढला आणि पुंडलिकरावांपुढं धरला.

"सही करा न, काका."

अर्जात लिहिलं होतं: सदर इसम हरिपद हा परकीय असून खोटं आडनाव लावून राहतो, तरी कुटुंबासह देशाबाहेर पाठवावा. खाली तीस-पस्तीस सह्या. त्यात टाळकऱ्यांच्याही होत्या. मोटार स्टँडजवळची हरिपदाची जागा देवीदासाच्या टिनाच्या शेडला लागून होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

पुंडलिकरावांच्या तोंडातला काला आंबल्यासारखा झाला. ज्या हातानं घास, त्याच हातानं हे. त्याहून किळस आली ती 'खोटं आडनाव' वाचून.

रेशन कार्ड काढायला हरिपदाला तेच घेऊन गेले होते. बाबूनं आडनाव विचारलं. हरिपद म्हणाला, मंडल. बाबू हसला. मंडळ नाही रे बापा, आडनाव सांग. कोणत्या भजनी मंडळाचा तू? पुंडलिकरावही पोट धरून हसले होते. मग कटकट नको म्हणून त्यांनीच सांगितलं, परदेशी लिहा. बाजारात त्या आडनावाची दोन घरं होतीच.

"देवीदास, हे आडनाव मी देल्लं होतं."

"तुमी चूप ऱ्हा न काका. तुमचं नाव कोन घेऊन रायलं?"

"मीच घेऊन रायलो."

हे आडनाव मीच दिलं, असं त्यांनी सह्यांखाली लिहिलं आणि सही ठोकली. देवीदासाचा चेहरा उतरला. अर्ज नासवला म्हणाला, दुसरा लिहीन म्हणाला, आणि खोटं लिहवल्याची केस म्हाताऱ्यावरच बसेल, असंही सुनावलं.

देवीदासाचा दुसरा अर्ज पोचायच्या आत खरं काय ते आपणच सांगावं, म्हणून दुसऱ्या दिवशी तहसील उघडायच्या आधीच पुंडलिकराव हरिपदाला घेऊन पायरीवर उभे होते. बाबू नवा होता. त्यानं जबानी लिहायला घेतली आणि खरं आडनाव विचारलं.

"मंडल," हरिपद म्हणाला.

"कोणतं मंडळ?" बाबू हसला.

हरिपदानं पुंडलिकरावांकडं पाहिलं. या खेपेला ते हसले नाहीत, सोपा शब्दही त्यांनी शोधला नाही.

"माणसाचं आडनाव हाय जी ते. जसं सांगून रायला, तसं लिहा."

बाबूनं लिहिलं. निकाल जिल्ह्याच्या ठिकाणाहून, छिंदवाड्याहून येईल, ठेवतील की धाडतील ते वरचे ठरवतील, म्हणाला. पुंडलिकरावांनी जबानीखाली सही केली.

परतताना पार लागला. काल्याचं पातेलं कोणी घासलं नव्हतं, त्यावर माशा घोंगावत होत्या. रोज मारुतीच्या पायरीला हात लावणारे पुंडलिकराव त्या दिवशी नाकाला धोतराचा सोगा लावून पलीकडून गेले.